जुनी सेडान घेताना या चुका टाळा: कोणता दोष भावात मिटतो, कोणता मिटत नाही

आठ-दहा वर्षे चाललेल्या गाडीत दोष असणारच. त्यामुळे निर्दोष गाडी शोधायला निघालेला माणूस बहुधा रंगाला आणि पॉलिशला भुलतो. नव्या छोट्या हॅचबॅकच्या किमतीत, कधी त्याहूनही कमी पैशांत, २०१४ ते २०१९ या काळातली होंडा सिटी, मारुती सियाझ, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हेंटो किंवा स्कोडा रॅपिड मिळू शकते. ऐसपैस मागची सीट आणि मोठी डिकी हे कुटुंबासाठी खरोखरच मोलाचे असते. मात्र गाडी बघताना समोर येणाऱ्या प्रत्येक दोषाबाबत एकच प्रश्न विचारावा: हा दोष भावातून वजा करता येईल, की त्यापायी गाडीच सोडावी लागेल? बंपरवरचा ओरखडा पाहून परत फिरणारे आणि एप्रनला (बॉनेटखालच्या, चाकांच्या आतल्या बाजूच्या पत्र्याला) वेल्डिंग केलेली गाडी आनंदाने घरी आणणारे ग्राहक पुष्कळ दिसतात. खालच्या बहुतेक चुका याच उलट्या तोलातून होतात.

मीटरच्या आकड्यावर विसंबणे

डिजिटल मीटर मागे घेणे हे जुन्या गाड्यांच्या बाजारात अवघड काम राहिलेले नाही, म्हणून मीटरवरचा आकडा हा पुरावा न मानता विक्रेत्याचा दावा मानावा आणि तो पडताळून पाहावा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदणी क्रमांक दिल्यास प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर बहुधा कळू शकतात. मालकाने सोबत यावे किंवा त्याच्या मोबाइलवरून सर्व्हिसच्या नोंदी दाखवाव्यात, असा आग्रह धरावा. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडेही बोलके असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१६ ची, मीटरवर २८ हजार किलोमीटर आणि चारही टायर मात्र २०१९ चे, असे दिसले तर पहिले टायर इतक्या लवकर का बदलावे लागले, हे विचारणे भाग आहे. झिजून गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, क्लच पेडलचे उडालेले रबर आणि चालकाच्या सीटची दबलेली कड या गोष्टी मीटरप्रमाणे मागे घेता येत नाहीत.

कमी चाललेली गाडी चांगलीच असते, हाही एक गैरसमज आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-दोन वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी, टायर आणि रबरी होज वापराविना खराब होतात आणि ब्रेकच्या डिस्कला गंज धरतो. माझ्या मते, मुंबई-पुणे अशा महामार्गावर ९० हजार किलोमीटर धावलेली आणि प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली गाडी ही नोंदी नसलेल्या ३० हजारांच्या गाडीपेक्षा घेण्याजोगी असते.

रंग पाहणे, सांगाडा न पाहणे

एखादा दरवाजा किंवा बंपर पुन्हा रंगवलेला असणे हा आपल्या शहरांतल्या पार्किंगचा सहज परिणाम आहे आणि तेवढ्यावरून गाडी नाकारण्याचे कारण नाही. पाहायचे ते पत्र्यामागचा सांगाडा. बॉनेट उघडून फेंडरच्या व बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग पान्याने सोलला गेला आहे का, दोन्ही बाजूंच्या एप्रनवरचे कारखान्यातले गोल, समान अंतरावरचे स्पॉट वेल्डिंग जसेच्या तसे आहे का, आणि रेडिएटरभोवतीची पट्टी सरळ आहे का, हे आधी तपासावे. दरवाज्यांचे रबरी बीडिंग ओढून पिलरची, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबाची, कड पाहावी. डिकीतले कार्पेट उचलून स्टेपनीखालचा पत्रा पाहावा. तेथे सुरकुती, लांबी (पुट्टी) किंवा हाताने केलेले वेल्डिंग आढळले, तर गाडीने मोठी धडक सोसली आहे असे समजावे. अशा गाडीची चाके कितीही वेळा अलाइनमेंट करून सरळ केली, तरी पुढच्या अपघातात तो सांगाडा मूळच्या ताकदीने धक्का पेलेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. हा दोष भावात मिटत नाही.

अपघाताचा आणखी एक माग चालू विमा पॉलिसीत सापडतो. सलग काही वर्षे विम्याचा दावा न करणाऱ्याला मिळणारी ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी वाढत जाते. मालक एकच असूनही पॉलिसीवर ही सवलत शून्य असेल, तर गेल्या वर्षी दावा झाला होता, पॉलिसी खंडित झाली होती की आणखी काही कारण आहे, याचा खुलासा मागावा. बोनस टिकवण्याचे वेगळे संरक्षण काही मालक विकत घेतात, म्हणून ५० टक्के सवलत हा निर्दोषत्वाचा पक्का दाखला मात्र नव्हे.

पुराची गाडी न ओळखणे

महाराष्ट्रातल्या ग्राहकाने या चुकीकडे विशेष लक्ष द्यावे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरात बुडालेल्या गाड्या आता बाजारातून गेल्या असतील. पण ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्यात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये पाणी शिरले, तेव्हा आजच्या बाजारातल्या सेडान रस्त्यावर होत्या. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्त करणे परवडणार नाही अशी, ठरवलेली गाडी लिलावात विकली जाते, धुऊन-पुसून दुरुस्त होते आणि अनेकदा दुसऱ्याच जिल्ह्यात विक्रीला उभी राहते.

अशा गाडीचे इंजिन सुरळीत चालू शकते, म्हणूनच ती फसवते. पाणी खरे नुकसान करते ते वायरिंग हार्नेसच्या (तारांच्या जुडग्यांच्या) जोडण्यांत, ईसीयूमध्ये (इंजिनाच्या नियंत्रण संगणकात) आणि एअरबॅगच्या यंत्रणेत, आणि तो गंज काही महिन्यांनी, कधी वर्षभराने आपले काम दाखवतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याच्या टोकाशी गाळाची रेष आहे का पाहावे. सीटखालच्या रुळांवरचा व बोल्टवरचा गंज, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातली माती, डॅशबोर्डखाली हात घातल्यावर लागणारा बारीक गाळ आणि सुगंधी फवाऱ्याआडून येणारा कुबट वास यांपैकी दोन गोष्टी एकत्र सापडल्या, तर पुढची बोलणी थांबवावीत. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे: तेथे खारी हवा तळाचा पत्रा आणि जॅक लावण्याच्या जागा खाते, म्हणून गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. सिटीसारख्या कमी उंचीच्या सेडानचा तळ गतिरोधकांवर घासलेला असतोच. त्यावरचे ओरखडे आणि पत्र्याला पडलेली छिद्रे यांतला फरक मात्र ओळखावा.

तापलेल्या इंजिनावर ट्रायल घेणे

विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते. पहिली स्टार्ट सकाळी, बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करून घ्यावी. सुरुवातीचा निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. गाडी तापल्यावरही टिकून राहणारा दाट पांढरा धूर कूलंट सिलिंडरमध्ये जात असल्याची शंका निर्माण करतो. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडल्यावर जोरात वाफ येत असेल, तर मेकॅनिक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि पुढे इंजिन खोलण्याचा खर्च दिसू लागतो. झाकणाच्या आत दुधट थर किंवा कूलंटच्या टाकीत नुसते नळाचे पाणी दिसले, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधले सील) तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

स्कॅनर लावून तपासणी करणारा मेकॅनिक सोबत नेल्यास त्याला केवळ दोषांचे कोड विचारू नयेत. कोड काल संध्याकाळी पुसलेले असू शकतात. तसे असेल तर गाडीच्या अंतर्गत स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात, आणि ही अपूर्णता हीच खरी माहिती असते. या काळातल्या पेट्रोल गाड्या २० टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन गृहीत धरून बनलेल्या नव्हत्या, म्हणून इंधनाचे रबरी पाइप ओलसर किंवा चिरलेले आहेत का आणि पेट्रोलचा वास येतो का, हेही पाहून घ्यावे. पाइप बदलणे हे किरकोळ काम आहे. गळती दुर्लक्षित ठेवणे मात्र धोक्याचे आहे.

सगळे ऑटोमॅटिक एकच समजणे

सर्वांत महागडी चूक येथे होते. व्हेंटो आणि रॅपिडच्या काही आवृत्त्यांत सात गतींचा, कोरड्या दुहेरी क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. तो सुस्थितीत असताना चालवण्याचा आनंद मोठा, पण गर्दीत सरपटत चालताना त्याचे क्लच तापतात आणि झिजतात, आणि त्याचे मेकाट्रॉनिक नावाचे नियंत्रण युनिट बिघडले तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. चढावर हळूहळू गाडी नेताना धक्के जाणवणे किंवा डिस्प्लेवर गिअरचे अक्षर लुकलुकणे ही त्याची लक्षणे होत. २०१४ नंतरच्या सिटीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. तेथे ठरलेल्या प्रकारचे फ्लुइड वेळेवर बदलल्याची नोंद पाहावी आणि वेग वाढवताना गुरगुर येते का, ते काच खाली करून ऐकावे. सियाझचा चार गतींचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा ऑटोमॅटिक) जुन्या धाटणीचा आणि संथ आहे. कुटुंबाच्या गाडीसाठी हा संथपणा मला तरी गुणच वाटतो. मारुती डिझायरमधल्या एएमटीला (मॅन्युअल गिअरबॉक्सचेच क्लच व गिअर आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेला) गिअर बदलताना किंचित अडखळणे स्वाभाविक आहे, म्हणून त्याला दोष समजू नये. त्यातला क्लच झिजला आहे का, ते चढावर थांबून पुन्हा निघताना कळते. दुरुस्तीचा पूर्ण इतिहास आणि वाढीव वॉरंटी नसलेली डीएसजी गाडी सामान्य कुटुंबाने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अॅव्हरेजसाठी डिझेल घेणे

महिन्याला सहा-सातशे किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाला डिझेलचा फायदा होत नाही. टर्बो, इंजेक्टर आणि काही गाड्यांतला ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाची थरथर शोषणारी जड चकती) यांपैकी एकाचे काम निघाले तरी काही वर्षांची इंधनबचत निघून जाते. बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण-निकषांच्या) डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तुंबतो. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तेव्हापासून तिकडच्या गाड्या आकर्षक भावात इकडे येतात. त्या घेताना तिथल्या आरटीओची एनओसी, येथे भरावा लागणारा रस्ता कर आणि नव्या पासिंगचा खर्च मिळवला, की स्वस्ताई बरीच आटते.

टॅक्सी म्हणून चाललेल्या डिझायर आणि इटिऑस खासगी नोंदणीवर आणून विकल्या जातात. त्या ओळखण्यासाठी आरसीवरचा वाहनाचा वर्ग आणि सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरची माहिती पाहावी. बाहेरून बसवलेले सीएनजी किट आरसीवर व विम्यात नोंदलेले नसेल, किंवा दर तीन वर्षांनी होणाऱ्या सिलिंडरच्या चाचणीचा दाखला नसेल, तर किट हा फायदा न मानता अडचण मानावी.

किरकोळ दोषांना घाबरणे

सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश व लिंक रॉड, संपलेली बॅटरी, झिजलेले टायर, उतरलेली क्लच प्लेट: या सगळ्यांची यादी करावी, ओळखीच्या गॅरेजमध्ये खर्च विचारावा आणि तेवढी रक्कम निःसंकोच भावातून मागावी. एसीचे प्रकरण तेवढे सोपे नाही. ‘फक्त गॅस भरायचा आहे’ हे वाक्य फार ऐकू येते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो कोठेतरी गळतो, आणि गळती कूलिंग कॉइलमध्ये असेल तर अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गॅस मालकाने भरून द्यावा आणि आठवड्याने गाडी पुन्हा पाहावी, अशी अट घालता येते.

कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची तपासणी मात्र फुकट असते, तरीही ती फार थोडे लोक करतात. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे होंडाने भारतात २०१३ व त्याआधीच्या अनेक सिटी गाड्या परत बोलावल्या होत्या. जानेवारी ते नोव्हेंबर २०१९ मध्ये बनलेल्या काही हायब्रीड पेट्रोल सियाझ मोटर जनरेटर युनिटसाठी मारुतीने बोलावल्या होत्या. चॅसिस क्रमांक देऊन हे काम झाले आहे की नाही, ते सर्व्हिस सेंटरला विचारावे.

कागद शेवटी पाहणे

गाडी दाखवणारा आणि आरसीवरचा मालक वेगळे असतील, तर मधल्या एखाद्या व्यवहारात हस्तांतरण झालेलेच नाही असा अर्थ निघू शकतो. नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक मानला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात स्पष्ट केले. म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन फिरणाऱ्या एजंटाशी इसार करू नये. आरसीवर बँकेचा बोजा असल्यास बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. प्रलंबित ई-चलने मालकाने भरावीत. गाडीला १५ वर्षे पूर्ण होण्यास दोन-तीन वर्षेच उरली असतील, तर फेरनोंदणीचा आणि पर्यावरण कराचा खर्च आत्ताच हिशेबात धरावा.

मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर, त्याच राज्यातली गाडी असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विम्यातले तिऱ्हाइताचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण हवे असेल तर पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. फास्टॅगही त्याच्याच खात्याला जोडलेला असतो. तो त्याच्याकडून बंद करून घ्यावा आणि नवा बसवावा, आणि गाडीची दुसरी चावी त्याच दिवशी मागून घ्यावी.