गव्हाचा वाण निवडताना आणि फवारणीचा पंप उचलण्याआधी

दिवाळी आवरली की कृषी सेवा केंद्रात पहिली विचारणा ठरलेली असते, "लोकवन आलं का?" गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीचा हा लोक 1 वाण चाळीस वर्षांहून जास्त काळ आपल्या शेतात नांदतो आहे. दाणा टपोरा, पोळी मऊ, बाजारात उठाव. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, फक्त तांबेरा, म्हणजे पानावर-ताटावर पुळ्या आणणारा बुरशीचा रोग, आला की तो हात टेकतो. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी लोक 1 आणि एचडी 2189 हे जुने वाण सोडून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 6478 पेरला. पूर्वी हेक्टरी 25 ते 30 क्विंटल मिळायचे, ते 45 ते 60 क्विंटलवर गेले. या वाढीत पाण्या-खताचा वाटा असणारच, पण बियाण्याच्या रक्तात काय आहे हेही पाहायला हवं.

हे सगळे वाण संकरातून आणि निवडीतून आलेले आहेत. जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या, गव्हाची आपल्या देशात लागवड होत नाही, त्यामुळे ती शंका मनातून काढून टाका.

वेळेवर बागायती पेरणी 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिरामागे हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट धरा, कारण दाणा भरायच्या वेळीच ऊन तापायला लागतं. ऊस तुटायला उशीर झाला, रान डिसेंबरातच मोकळं झालं, तर निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचा फुले समाधान किंवा एनआयएडब्ल्यू 34 हा वाण घ्या. एक-दोनच पाणी देता येत असेल तर नेत्रावती हा वाण. वेळेवरच्या पेरणीला हेक्टरी 100 ते 125 किलो बियाणं पुरतं. उशिरा फुटवे कमी येतात, म्हणून 125 ते 150 किलो टाका.

पेरणीची खोली मात्र फार जण चुकवतात. आजचे बहुतेक वाण बुटके आहेत. हा बुटकेपणा नोरिन 10 या जपानी गव्हातून मेक्सिकोमार्गे 1960 च्या दशकात आपल्याकडे आला आणि त्यामुळेच खत-पाणी भरपूर दिलं तरी पीक लोळत नाही. पण जो जनुक ताटाला आखूड करतो, तोच कोंबावरचं टोपणही आखूड करतो. आजोबा पाभरीने ओल गाठायला खोल पेरायचे, कारण त्यांचा उंच देशी गहू तेवढ्या खोलीवरूनही वर यायचा. बुटका गहू येत नाही. म्हणून 5 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नका. वर ओल नसेल तर रान आधी ओलवा, वाफसा येऊ द्या, मग पेरा.

आता तांबेरा. उन्हाळ्यात आपल्याकडच्या सपाटीवर तो जगत नाही. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत गव्हावर तो तग धरतो आणि तिथून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येतो, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ करमचंद मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवलं. बुरशी सतत रूप बदलते. 1998 मध्ये युगांडात सापडलेल्या काळ्या तांबेऱ्याच्या जातीने राय धान्यातून गव्हात आणलेला एसआर 31 हा जनुक निकामी केला. जगभरच्या वाणांची मदार त्याच्यावर होती. पुढे ती जात येमेन, इराणपर्यंत पोचली. म्हणून आता पैदासकार एकाच वाणात दोन-तीन जनुक बसवतात. पूर्वी हे अवघड होतं, कारण एक जोरकस जनुक असला की दुसरा आत आहे की नाही, हे झाडाकडे बघून कळत नसे. आता रोपाच्या पानाचा तुकडा तपासून ते सांगता येतं. एक गंमत सांगतो: आपल्या खपलीतले रोगप्रतिकारक जनुक ऑस्ट्रेलियातल्या पैदासकारांनीही गव्हात घेतले होते, आणि त्या वाणाचं नाव होतं खपस्टाइन!

तुमच्या कामाची गोष्ट अशी की तांबेऱ्याविरुद्धचे काही जनुक शेतात खुणा दाखवतात आणि त्या रोगासारख्या दिसतात. एलआर 34 असलेल्या वाणात वरच्या पानाचं टोक पिवळं पडून वाळतं. त्याला अन्नद्रव्याची कमतरता समजून युरिया मारला जातो. एसआर 2 असलेल्या वाणात कुसं, ओंबी आणि पेऱ्याखालचा भाग काळपट पडतो, दमट उष्ण हवेत जास्तच. मग दुकानदार बुरशीनाशक हातात देतो. बोटाने घासून बघा. तांबेरा असेल तर बोटाला नारिंगी किंवा तपकिरी भुकटी लागते. काहीच लागलं नाही तर पंप घरीच ठेवा.

एलआर 34 सारखे जनुक तांबेरा अडवत नाहीत, त्याची चाल मंद करतात. खालच्या पानांवर चार पुळ्या दिसतील, तरी वरची पानं बऱ्यापैकी हिरवी राहतील. अशा शेतात दोन-तीन दिवसांनी पुन्हा फेरी मारा. पुळ्या वरच्या पानांवर चढायला लागल्या, किंवा ताटावर लांबट, साल फाडणारे काळपट पट्टे दिसले, तर प्रोपिकोनॅझोल 25 टक्के ईसी लिटरला 1 मिलि या प्रमाणात फवारा आणि लेबलवर दिलेला काढणीपूर्व काळ पाळा. लोक 1 असेल तर वाट पाहू नका, पहिली पुळी दिसताच फवारा.

कापसाच्या संकरित बियाण्यासारखं गव्हाचं नसतं. गव्हाचं फूल उमलायच्या आधीच बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून आजीचा गुण नातीपर्यंत जसाच्या तसा जातो. प्रमाणित पिशवी एकदा आणली की तीन वर्षं घरचं बियाणं चालतं. बिघडतं ते मळणीत, दुसऱ्या वाणाचे दाणे मिसळून. बियाण्यासाठी शेताच्या मधला तुकडा राखा, दुसऱ्या वाणापासून किमान 3 मीटर लांब. ओंब्या निघाल्यावर दोनदा फिरून उंच किंवा वेगळ्या कुसाची झाडं उपटा. काळी भुकटी झालेली ओंबी दिसली तर आधी तिच्यावर पिशवी घाला, मग उपटा आणि जाळा, नाहीतर काणी, म्हणजे ती भुकटी करणारी बुरशी, शेजारच्या ओंब्यांत शिरते. हार्वेस्टर शेजारच्या गावातून आला असेल, तर त्यातून पडणारी पहिली दोन-तीन पोती खाण्यासाठी बाजूला काढा आणि बियाणं त्यानंतरचं भरा.