स्क्वॉश मर्जनंतर रीबेसला तेच ते कॉन्फ्लिक्ट: माझा अनुभव

गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) 'लॉगिन' ब्रांचवरून (कामाची वेगळी शाखा) मी 'प्रोफाइल' ब्रांच काढली होती. अपस्ट्रीमवाल्यांनी (मूळ रेपॉझिटरी सांभाळणाऱ्यांनी) 'लॉगिन'चे सगळे कमिट (नोंदवलेले बदल) स्क्वॉश करून, म्हणजे त्यांचा एकच कमिट करून, मेन या मुख्य ब्रांचमध्ये घेतले. त्यानंतर 'प्रोफाइल' मेनवर रीबेस केली (म्हणजे तिचे कमिट मेनच्या टोकावर पुन्हा लावले) की मेनमध्ये आधीच असलेल्या ओळींवरच कॉन्फ्लिक्ट (गिटला आपोआप न जुळवता येणारे बदल) यायचे.

गिट मर्ज करून पाहिलं, तेच कॉन्फ्लिक्ट. गिटची रीरेरे ही सोय चालू केली, पण ती फक्त कॉन्फ्लिक्टची उत्तरं लक्षात ठेवते, जुने कमिट ब्रांचमध्ये राहतातच. अक्षरशः वैताग आला.

कारण असं: रीबेस करताना गिट हुबेहूब तोच बदल असलेला कमिट वगळतं. स्क्वॉशमध्ये अनेक कमिटांचा एक होतो, त्यामुळे जुळणी होत नाही आणि 'लॉगिन'चे जुने कमिट पुन्हा लावले जातात. म्हणून कुठून पुढचे कमिट उचलायचे, हे आपणच सांगायचं.

अर्धवट रीबेस चालू असेल तर आधी 'गिट रीबेस --अबॉर्ट'. मग याच क्रमाने (टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत):

गिट ब्रांच बॅकअप प्रोफाइल
गिट फेच अपस्ट्रीम
गिट रीबेस --ऑन्टू अपस्ट्रीम/मेन लॉगिन प्रोफाइल
गिट लॉग --वनलाइन अपस्ट्रीम/मेन..प्रोफाइल
गिट पुश --फोर्स-विथ-लीज ओरिजिन प्रोफाइल

चौथ्या कमांडला फक्त 'प्रोफाइल'चे कमिट दिसले तरच पुश करा (ओरिजिन म्हणजे सर्व्हरवरची आपली प्रत). 'लॉगिन' ब्रांच डिलीट झाली असेल, किंवा मधल्या काळात तीही रीबेस झाली असेल, तर तिसऱ्या कमांडमध्ये तिच्या नावाऐवजी 'प्रोफाइल'च्या लॉगमधल्या 'लॉगिन'च्या शेवटच्या कमिटचा हॅश (ओळखीचा कोड) द्या. नुसतं '--फोर्स' नको; सहकाऱ्याने त्याच ब्रांचवर काही ढकललं असेल तर ते पुसलं जाईल.