सरावासाठी काडतुसं घेताना या चुका टाळा

रेंजवर नवा माणूस आला की पिस्तुलावर तासभर बोलतो. ग्रिप, ट्रिगरचं वजन, साइट, कुठला खेळाडू कुठलं मॉडेल वापरतो, सगळं तोंडपाठ. काडतूस कुठलं वापरतोस, असं विचारलं की मात्र उत्तर ठरलेलं: "जे स्वस्त मिळालं ते." स्वस्ताला माझी ना नाही. रोजच्या सरावात मॅचचं महागडं काडतूस उडवणं मला उधळपट्टीच वाटते. पण स्वस्त आणि भरवशाचं काडतूस शोधायला दोन-तीन आठवडे खर्ची घालावे लागतात, आणि एवढा दम कुणालाच नसतो.

न तपासता पेटी उचलणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. सुरुवातीच्या काळात .२२ ची, म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीच्या गोळीची, ५,००० काडतुसं एकदम घेतली. भाव चांगला होता आणि डब्यावर 'हाय व्हेलॉसिटी' असं ठळक छापलं होतं. जास्त वेग म्हणजे जास्त दर्जा, असा माझा सरळसोट हिशोब. साधं स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं काडतूस सेकंदाला सुमारे ३२५ मीटरने निघतं, हे ३८० च्या आसपास. हे आकडे बहुधा रायफलच्या लांब नळीतून मोजलेले असतात, पिस्तुलाच्या आखूड नळीतून गोळी त्यापेक्षा सावकाश निघते, हेही तेव्हा माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी रडगाणं सुरू झालं. माझ्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे प्रत्येक गोळीला मागेपुढे सरकणारा वरचा भाग, हलकी. या काडतुसाने ती इतकी झपकन मागेपुढे व्हायची की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर येण्याआधीच त्याच्यावरून निघून जायची. ट्रिगर दाबावा तर आत काहीच नाही. कधी रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, बाहेर पडायच्या आत अर्धवट अडकून उभी राहायची. पाच गोळ्या ४ सेकंदांत झाडायचा सराव करायचा, आणि तिसऱ्या गोळीला पिस्तूल ठप्प! दहा दिवसांत माझं मनगट प्रत्येक गोळीआधी 'आता अडकणार' म्हणून आखडायला लागलं. ती सवय मोडायला पुढे कित्येक महिने गेले.

गंमत म्हणजे तीच काडतुसं एका मित्राच्या पिस्तुलात लोण्यासारखी चालली. त्याची स्लाइड जड, स्प्रिंग कडक. उरलेला साठा शेवटी त्यानेच घेतला. काडतूस वाईट नव्हतं, ते माझ्या पिस्तुलाचं नव्हतं. म्हणून कुणी "चांगलं काडतूस सुचवा" म्हणालं की मी नाव सांगत नाही. तुमच्या पिस्तुलाला काय रुचतं ते मला कसं कळणार?

आता माझी पद्धत अशी. तीन-चार प्रकार निवडायचे, प्रत्येकाची १०० काडतुसं घ्यायची. पहिल्या २० गोळ्या हिशोबात धरायच्या नाहीत. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो, काडतूस बदललं की नळीत नवा थर बसेपर्यंत गोळ्या थोड्या इकडेतिकडे जातात. मग पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ मीटरवर १० गोळ्यांचे पाच गट. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून झाडायच्या, टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. टेकवून झाडलेला गट त्याच्या आत आरामात बसला तर सरावाला ते पुरेसं आहे, त्याहून बारीक गटासाठी जास्त पैसे घालवू नका. उरलेल्या ३० उभं राहून, भरभर. शंभरात एकापेक्षा जास्त वेळा पिस्तूल अडकलं की तो प्रकार माझ्या यादीतून बाद, मग गट कितीही सुंदर असो.

पास झालेल्या डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक, वहीत लिहायचा आणि त्याच लॉटची मोठी खरेदी करायची. नाव तेच, डबा तोच, पण लॉट बदलला की वागणूक बदलू शकते. नवा लॉट आला तर चाचणी पुन्हा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला इलाज नाही.

फुसका बार झाल्यावरही पुढची गोळी झाडणं

बाकीच्या चुकांत पैसे जातात, इथे बोटं जाऊ शकतात.

काडतुसात दारू कमी पडली किंवा अजिबातच नसली, तर प्राइमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या मसाल्याच्या, जोरावर गोळी केसमधून सुटते खरी, पण नळीतच अडकून बसते. आवाज 'ठॉक' न येता 'फुस्स' येतो, झटका लागत नाही, स्लाइड बहुतेक वेळा जागची हलतच नाही. मागून पुढची गोळी आली की नळी फुगते, फुटते, कधी पिस्तूलच हातात उघडतं.

एकदा माझ्या शेजारच्या लेनवर एक तरुण होता. येऊन महिनासुद्धा झाला नसेल. व्हिडिओ पाहून शिकलेला: पिस्तूल अडकलं की मॅगझिनवर थाप, स्लाइड ओढ, चालू. माझ्या कानावर मफ होते, तरी ती फुस्स ऐकू आली. मी वळेपर्यंत त्याने थाप मारून स्लाइड ओढलीही होती आणि बोट ट्रिगरकडे निघालं होतं. मी इतक्या जोरात "थांब!" ओरडलो की अख्खी लाइन थांबली.

"सर, काही नाही, मिसफायर झालं असेल," तो म्हणाला.

मॅगझिन काढलं, चेंबर रिकामी केली, स्लाइड उघडी ठेवली आणि नळीत सफाईची सळई घातली. चार बोटं आत जाऊन ती अडली. टेबलावर त्याने ओढून बाहेर काढलेली केस पडली होती, तिच्या तोंडाशी दारूचे न जळलेले हिरवट दाणे चिकटलेले. पोराने ते पाहिलं आणि खुर्चीत बसला. त्या दिवशी पुन्हा पिस्तुलाला हात लावला नाही त्याने.

माझ्या किटमध्ये तेव्हापासून एक सळई कायम असते, नळीच्या लांबीएवढ्या अंतरावर लाल टेप गुंडाळलेली. आवाज जरा जरी वेगळा आला तरी पिस्तूल रिकामं करून सळई आत. टेप नळीच्या तोंडाशी टेकली तरच पुढे.

'खट' होऊन काहीच घडलं नाही, तर प्रकरण वेगळं. नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद गप्प उभं राहायचं, कारण काडतूस उशिराने पेटू शकतं. .२२ मध्ये हा प्रकार जास्त, कारण त्यातलं प्राइमरचं मिश्रण केसच्या कडेत फिरवून बसवलेलं असतं आणि स्वस्त मालात ते कुठेतरी पातळ राहतं. अशा काडतुसाचा एकच फायदा: बार झाला नाही की ट्रिगर दाबताना तुमची नळी किती खाली झुकते ते उघडं पडतं.

बाकीच्या, भराभर

'नऊ एमएम' एवढंच सांगून काडतूस मागू नका. ९×१९, ९×१८ मकारोव्ह आणि ९×१७, म्हणजेच .३८० एसीपी, ही तीन वेगळी काडतुसं आहेत. नळीवर कोरलेलं वाचा, डब्यावरचं वाचा, दोन्ही अक्षरशः जुळलं पाहिजे.

९×१९ मध्ये सरावाला ११५ किंवा १२४ ग्रेनची साधी जॅकेटवाली, म्हणजे शिशावर धातूचं आवरण असलेली, गोळी पुरते. १२४ ग्रेन म्हणजे ८ ग्रॅम. कागदाला भोक पाडायला हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाची गोळी, कशाला? महागही पडतं आणि काही पिस्तुलांत चढताना अडतं. '+पी' लिहिलेलं तर सरावाला नकोच, दाब जास्त, झीज जास्त.

कुणीतरी घरी भरलेली काडतुसं फुकट मिळाली तरी घेऊ नका. फुसक्या बाराची गोष्ट आत्ताच सांगितली.

जुना लष्करी साठा स्वस्त दिसतो, पण त्यातल्या अनेकांच्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. त्याचा क्षार नळीत राहून हवेतली ओल ओढतो आणि गंज धरतो. नुसतं तेल लावून तो जात नाही, आधी पाण्याने धुवावं लागतं. त्याच संध्याकाळी एवढं करणार असाल तरच त्या वाटेला जा.

खरेदीआधी गोळीला लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर जॅकेटमध्ये किंवा गाभ्यात पोलाद आहे, आणि बऱ्याच रेंजवर ते चालत नाही.

काडतुसांवर तेल फवारणारे महाभाग मी पाहिलेत. तेल झिरपून प्राइमर मरतो. कोरडी, थंड जागा, कुलूप, डब्यात सिलिका जेलची पुडी, बस्स. उन्हात उभ्या गाडीत ठेवून जाऊ नका.

आणि काडतुसाला शिव्या घालण्याआधी मॅगझिन साफ करा. .२२ मध्ये मेण आणि काजळीचा असा काही चिकटा बसतो की स्प्रिंगच वर येईनाशी होते. मागच्याच महिन्यात एकाने तिसऱ्यांदा काडतूस बदललं, तेव्हा मी त्याचं मॅगझिन उघडून पुसून दिलं. पहिल्या डब्यातली उरलेली सगळी काडतुसं त्यात विनातक्रार चालली.