बेअरिंग हातोड्याने नाही, कढईत बसलं

विहिरीवरच्या मोटरचं ६२०५ नंबरचं (२५ मिलिमीटर भोकाचं) बेअरिंग गेलं होतं. नवीन आणलं, शाफ्टवर ठेवलं, लाकडी ठोकळा ठेवून हातोडा घातला. बसलं खरं, पण वाकडं. मोटर चालू केली तर दळण दळल्यासारखा घरघराट. बाहेरच्या कड्यावर ठोकलं की मार छर्‍यांमधून जातो, कड्यावर खड्डे पडतात. चारशेचा चुराडा, दुसरं काय!

दुसर्‍या वेळी आजोबांची आठवण झाली. बैलगाडीच्या चाकाला धाव (लोखंडी पट्टा) चढवताना ती आधी शेण्यांच्या जाळात तापवायची, मग चाकावर घालून वर पाणी ओतायचं. तोच खेळ. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. २५ मिलिमीटरचं भोक ३० वरून ११० अंशांवर नेलं की २४ मायक्रॉन मोकळं होतं. तेवढं पुरतं.

जुन्या कढईत तेल घेतलं, बेअरिंग तारेला टांगलं (तळाला टेकू द्यायचं नाही, एका बाजूने जास्त तापतं) आणि थर्मामीटर लावला. १२० च्या पुढे जाऊ नये, पोलादाचा कडकपणा उतरतो. रबरी सील असलेलं बेअरिंग तेलात घालू नका, आतलं ग्रीस जाईल. माझं उघडं होतं. हातमोजे घालून उचललं, शाफ्टवर सरकवलं, बोटाने ढकललं तसं खांद्यापर्यंत (जिथे शाफ्ट जाड होतो तिथवर) गेलं.

लगेच सोडलं नाही. गार होताना ते रुंदीतही आखडतं आणि खांद्यापाशी फट राहते, म्हणून पाइपच्या तुकड्याने मिनिटभर दाबून धरलं. मग हाताने फिरवून पाहिलं, आवाज नाही.