फ्लॅटमधल्या मांजरीला रमवायचं कसं

नाशिकच्या इंदिरानगरला चौथ्या मजल्यावर आमच्याकडे चिवडी नावाची मांजर आहे. काळ्या-पिवळ्या अंगावर पांढरे शिंतोडे, त्यावरून आईने ठेवलेलं नाव. खाली भरधाव गाड्या आणि मोकाट कुत्री, म्हणून तिला बाहेर सोडायचं नाही असं आमचं सुरुवातीपासूनच ठरलेलं. पण मग बाहेर तिला जे मिळालं असतं, ते घरात मिळवून देणं आपलं काम. मांजरीला सगळ्यात जास्त काय हवं असतं, तर शिकार. रात्रीचं ओरडणं, पायांना चावणं, पडद्यावर चढणं हे बहुतेक वेळा शिकारीची हौस न भागल्यामुळे होतं.

मांजर दबा धरते, पाठलाग करते, झेप घेते, पकडते, चावते, खाते, मग अंग चाटून झोपते. हा क्रम शेवटपर्यंत पार पडला की ती शांत होते. म्हणून खेळ जेवणाच्या आधी ठेवा. मांजरी पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वात चपळ असतात. मी सातपूरला फर्स्ट शिफ्टला जातो, त्यामुळे निघण्यापूर्वी दहा मिनिटं खेळ आणि लगेच खाणं हे आमच्या सोयीचं आहे. संध्याकाळी पुन्हा तेवढंच.

खेळणं विकत आणायची गरज नाही. बांबूची काठी घ्या, टोकाला जुन्या सुती साडीची चिंधी घट्ट बांधा. ती हलवायची कशी, हे मात्र शिकून घ्या. चिंधी मांजरीच्या तोंडासमोर नाचवू नका. कुठलाच उंदीर मांजरीकडे धावत येत नाही. ती तिच्यापासून लांब सरपटत न्या, सोफ्याच्या पायामागे अर्धी दडवा आणि थांबा. नुसतं टोक थरथरू द्या. चिवडी आधी जमिनीलगत बसते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मागचे पाय जागच्या जागी हलायला लागतात. तेव्हा घाई करू नका. हा दबा धरण्याचा वेळ तिच्यासाठी झेपेइतकाच मोलाचा असतो. दर दोन-तीन झेपांनंतर चिंधी तिच्या हाती लागू द्या, चावू द्या. लेझरच्या ठिपक्यात हेच होत नाही, हाताला काही लागतच नाही. मी तो वापरत नाही. स्वतःच्या बोटांशीही खेळवू नका, पिल्लू असताना गोड वाटतं, पण तीच सवय मोठेपणी रक्त काढते.

खेळ संपला की काठी कपाटात. चिंधीचा सुटलेला दोरा मांजरीने गिळला तर आतडी त्यावर गोळा होतात आणि जिवावर बेततं. संक्रांतीच्या दिवसांत आपल्याकडे गच्ची-गॅलरीत मांजाचे तुकडे येऊन पडतात, ते रोज वेचा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

आम्ही घराबाहेर असताना चिवडीचं कोरडं खाणं अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये विखुरलेलं असतं. खळग्यांतून एकेक दाणा पंजाने काढायचा, म्हणजे तेवढीच मेहनत. रोजच्या मापातलंच खाणं घाला, वरून नको, घरातल्या मांजरी अंगाने पटकन सुटतात. दुधाचा आग्रह धरू नका, बहुतेक मोठ्या मांजरींना ते पचत नाही.

खिडकी म्हणजे तिचा दिवसभराचा विरंगुळा. कठड्यावर कबुतर किंवा बुलबुल बसला की चिवडीचा जबडा थरथरतो आणि कटकट असा बारीक आवाज येतो. ते अगदी नैसर्गिक आहे. मात्र गॅलरीला मजबूत जाळी हवीच. पक्ष्यामागे झेपावताना मांजरी खरंच पडतात. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी दातांनी कुरतडली जाते, त्यापेक्षा तारेची बरी. खिडकीजवळ एखादी फळी ठोका, कपाटाच्या माथ्यावर जायला वाट करून द्या. उंचावर बसून खाली बघता आलं की मांजर निर्धास्त असते.

सोफा ओरबाडते म्हणून रागावू नका. नखांचं वरचं जुनं टरफल काढणं, अंग ताणणं, आपला वास लावून ठेवणं, हे सगळं त्यात येतं. लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, खाली शहाबादी फरशीचा तुकडा बसवा. खांब हलला तर ती परत त्याकडे फिरकणार नाही. उंची तीन फूट तरी हवी, आणि खांब कोपऱ्यात नको, सोफ्याशेजारीच ठेवा.

द्राक्षांच्या हंगामात रिकामे खोके सहज मिळतात. पिना आणि चिकटपट्ट्या काढून दोन बाजूंना दारं कापा. एकच दार असेल तर आत कोंडल्यासारखं होतं. गणपतीत ढोल आणि दिवाळीत फटाके सुरू झाले की तिला असाच खोका आतल्या खोलीत हवा असतो. तिथून ओढून बाहेर काढू नका.

नवरात्रात घटाला पेरतो तसे कुंडीत गहू पेरा. आठवड्याभरात कोवळे कोंब येतात, मांजरी ते आवडीने खातात. खत-औषध मात्र घालू नका.

नाशिककरांच्या घरात कांदा आणि द्राक्षं नसतात असं होत नाही, म्हणून हे सांगतोच. कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, रश्शातला शिजलेला कांदासुद्धा चालत नाही. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, मांजरीवर ती जोखीम कशाला घ्यायची? लिलीची फुलं घरात अजिबात नकोत, तिचे परागही मांजरीला घातक. फरशी फिनाईलने पुसू नका. तिथून चालून ती पाय चाटते.

लिटर ट्रे, म्हणजे तिचा शी-शूचा ट्रे, रोज साफ करा, तो खाण्यापासून लांब असू द्या. एका मांजरीला दोन ट्रे असले तर उत्तम. नसबंदी करून घ्या, बाहेर पळायची ओढ खूप कमी होते.

एवढं करूनही मांजर अचानक लपून राहू लागली, एकच जागा चाटून केस घालवू लागली किंवा दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर कंटाळली असेल म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात बोका असेल, तो सारखा ट्रेमध्ये बसून जोर करतोय पण लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.