ब्वेनोस आइरेस ते सांतियागो : विमानप्रवासाच्या वेळेचा हिशेब करताना या चुका टाळा

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आइरेस आणि चिलीची राजधानी सांतियागो यांच्यातील हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई-दिल्लीइतकेच आहे. तरीही या प्रवासाचा हिशेब अनेकांचा चुकतो.

पहिली चूक अंतराला विमानाच्या वेगाने भागण्याची. ताशी ८५० किलोमीटर वेग धरला की उत्तर सुमारे एक तास वीस मिनिटे येते. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे आणि ठरलेल्या हवाई मार्गांनी अँडीज पर्वत ओलांडणे यांचा वेळ त्यात धरलेला नसतो. शिवाय या अक्षांशांवर उंचावरील वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे सांतियागोकडे जाताना साधारण सव्वादोन ते अडीच तास लागतात, तर परतीचा प्रवास दोन तासांच्या आसपास आटोपतो. जाण्याचा वेळच येण्यासाठीही धरू नये.

सर्वाधिक घोटाळा मात्र घड्याळामुळे होतो. भारतात सर्वत्र एकच प्रमाणवेळ असल्याने तिकिटावरील दोन वेळांची सरळ वजाबाकी करण्याची आपल्याला सवय असते. अर्जेंटिनाची वेळ वर्षभर बदलत नाही. चिलीच्या बहुतेक भागात मात्र साधारण एप्रिल ते सप्टेंबर या थंडीच्या काळात घड्याळ एक तास मागे असते आणि उन्हाळ्यात दोन्ही राजधान्यांची वेळ सारखी होते. समजा, जून महिन्यात ब्वेनोस आइरेसहून सकाळी १० वाजता निघालेले विमान दोन तास वीस मिनिटांनी पोहोचले, तर सांतियागोत ११ वाजून २० मिनिटे झालेली असतात. वजाबाकी केल्यास प्रवास एक तास वीस मिनिटांचा दिसतो आणि अंतर-वेगाच्या भागाकाराचे चुकीचे उत्तरही नेमके तेवढेच असल्याने दोन चुका एकमेकींना दुजोरा देतात. परतीच्या तिकिटावर हाच प्रवास तीन तासांचा भासतो. म्हणून तिकिटावर स्वतंत्रपणे दिलेला एकूण प्रवासकाळ पाहावा आणि एप्रिल किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रवास असल्यास वेळबदलाची तारीख आवर्जून तपासावी.

ब्वेनोस आइरेसमध्ये दोन मोठे विमानतळ आहेत, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. आएरोपार्के शहरातच, रिओ दे ला प्लाता नदीच्या काठी आहे; एसेइसा शहराबाहेर असून मध्यवर्ती भागापासून तीसएक किलोमीटरवर आहे. देशांतर्गत बरीचशी विमाने आएरोपार्केवरून सुटतात. सांतियागोहून एसेइसाला उतरून पुढे इग्वासू किंवा बारिलोचेला जायचे असेल आणि दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील, तर पारपत्र तपासणी, सामान ताब्यात घेणे आणि रहदारीतून शहर ओलांडणे यांसाठी निदान पाच तास हाताशी ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिकिटावरील विमानतळाचे नाव वाचल्याशिवाय पैसे भरूच नयेत.

सांतियागोत उतरल्यावर कृषी तपासणी कडक असते. फळे, बिया, मध यांसारखे पदार्थ जवळ असल्यास ते आधीच जाहीर करावेत. न सांगितल्यास दंड होतो आणि वेळही जातो.

रस्त्याने हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर भरते आणि हिवाळ्यात बर्फवृष्टीमुळे लोस लिबेर्तादोरेस घाट कित्येकदा बंद ठेवला जातो. त्यामुळे विमान चुकल्यास बसने जाता येईल, या भरवशावर जून ते ऑगस्टमधील बेत आखू नये.