एक चादर, एकच उजेड: घरच्या घरी वेशभूषेचे पोर्ट्रेट कसे काढावेत

वेशभूषा चढवून झाली, मेकअप झाला, की घरातले सगळे दिवे लावले जातात आणि फोटो तिथेच बिघडतो. छतावरचा दिवा डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतो, टेबललॅम्प एक गाल पिवळा करतो, खिडकी दुसरा गाल निळसर करते. हा गोंधळ नंतर अ‍ॅपमध्ये निस्तरत नाही, कारण गालाचा पिवळेपणा काढायला गेलं की कपड्याचा रंगही हलतो. म्हणून आधी सगळे दिवे बंद करा, पडदे ओढा. तीन दिव्यांच्या मांडणीचे सल्ले वाचले असतील तर ते तूर्त विसरा. एक दिवा जागेवर बसण्याआधी दुसरा लावला, तर फक्त एक सावली वाढते. रिंग लाइटही (कड्यासारखा गोल दिवा) नको. तो समोरून सपाट उजेड टाकतो आणि ज्या भरतकामासाठी, घड्यांसाठी हा सगळा खटाटोप, तेच पुसून टाकतो.

सामान थोडंच लागतं: साधारण ४ बाय ६ फुटांची साधी पांढरी सुती चादर, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन एलईडी बल्ब (१५ ते २० वॅट), थर्माकोलचं एक पांढरं शीट, काळं कापड, चिमटे. बल्बच्या खोक्यावर सीआरआय (बल्बच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला बघून घ्या. सीआरआय कमी असलेल्या बल्बमध्ये गडद लाल फार कमी असतो. त्वचा निर्जीव दिसते आणि लाल मखमल विटकरी. हॅलोजन बल्ब चादरीजवळ अजिबात आणू नका, कापड पेट घेऊ शकतं.

चादर दोरीवर ताणून लावा आणि दोन्ही बल्ब तिच्या मागे ३ फुटांवर ठेवा, म्हणजे उजेड चादरीतून गाळून येतो आणि उजळलेली चादर हाच एक मोठा दिवा होतो. चादरीला चिकटवून ठेवलेत तर ताटाएवढा एकच गोळा उजळतो आणि चादर लावून न लावल्यासारखी होते. मॉडेलच्या जागेवरून चादरीचा फोनने एक फोटो घेऊन बघा. ती कडेपर्यंत उजळलेली दिसली पाहिजे. सावली किती मऊ पडते हे वॅटवर नाही, तर चेहऱ्याच्या जागेवरून उजेड किती मोठा दिसतो त्यावर ठरतं. तीच चादर ३ फुटांवर मऊ उजेड देते आणि १० फुटांवर टणक.

आता खरी अडचण. चेहऱ्याला समोरचा उजेड हवा असतो, कपड्याला बाजूचा. यावर तोडगा असा: चादर मॉडेलच्या बाजूला ३ फुटांवर लावा, वरची कड डोक्यापेक्षा फूटभर उंच ठेवा. मॉडेलला मात्र चादरीच्या मध्यासमोर न बसवता तिच्या मागच्या कडेशी बसवा, म्हणजे चादरीचा बराचसा भाग त्याच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला राहील. मग पलीकडच्या डोळ्यातही उजेड पोचतो आणि कपड्यावर तो तिरका घासून जातो, त्यामुळे जरीचा एकेक टाका उठून दिसतो. नाकाची सावली ओठाच्या कोपऱ्याकडे उतरावी. ती गालभर आडवी पसरली, तर चादर आणखी पुढे सरकवा.

टोपी, मुकुट किंवा कपाळावर आलेला विग असेल तर डोळे अंधारात जातात. इथे अंदाजाने दिवे हलवत बसू नका. मॉडेलला टोपी घालून जागेवर बसवा आणि मान न हलवता फक्त डोळे फिरवून चादर दिसते का ते विचारा. डोळ्याला चादर दिसली नाही, तर चादरीचा उजेडही डोळ्यात पोचत नाही. चादर आणि बल्ब दोन्ही खाली घ्या, आणि थर्माकोल मांडीवर, छातीकडे थोडं तिरकं धरायला सांगा. चेहऱ्यापासून ते दीड फुटापेक्षा जवळ आणू नका, नाहीतर उजेड खालून आल्यासारखा वाटतो आणि चेहरा भेसूर दिसतो.

चमकणारं चिलखत, टिकल्या, फॉइलचे दागिने यांच्याशी झगडताना जवळपास सगळे एकच चूक करतात: दिवा आणखी जवळ आणतात. त्याने चार पांढरे डाग जळतात आणि बाकीचं चिलखत काळंच राहतं. चमकता पृष्ठभाग आरशासारखा वागतो. त्याच्यावर किती उजेड पडतो याला फारसा अर्थ नाही. त्यात काय दिसतंय ते महत्त्वाचं. कॅमेऱ्याच्या जागी उभं राहून छातीच्या पत्र्यात बघा. खोलीतला अंधार दिसत असेल, तर तिथे पांढरी चादर किंवा थर्माकोल दिसेपर्यंत चिलखताचा कोन बदला. खांदा अर्धा इंच वळवला तरी फरक पडतो. सगळंच पांढरं दिसायला लागलं की चिलखत कागदासारखं चपटं होतं. अशा वेळी चादरीच्या विरुद्ध बाजूला, फोटोच्या चौकटीच्या अगदी बाहेर काळं कापड धरा. पत्र्याच्या कडेला काळी रेघ उमटते आणि गोलाई परत येते. नायलॉनचा विग चमकत असेल, तर चिमूटभर टाल्कम पावडर हाताने पसरून झटकून टाका. काळ्या विगवर जास्त पडली तर तो राखाडी दिसतो.

पार्श्वभूमीला गडद चादर, इस्त्री करून, मॉडेलच्या मागे ५-६ फुटांवर.

फोन असेल तर मुख्य कॅमेऱ्याने जवळून फोटो घेऊ नका, नाक फुगतं. ५-६ फूट मागे जा आणि दोनपट झूम लावा. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. बल्बवर K समोर लिहिलेला उजेडाच्या रंगाचा आकडा तिथे केल्व्हिनमध्ये टाका. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर (कॅमेरा किती सेकंद उजेड घेतो ते) १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. नाहीतर स्वस्त एलईडीमुळे फोटोत आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/६० ला मॉडेलला श्वास रोखायला सांगा. उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० पर्यंत खुशाल वाढवा. थोडे दाणे चालतात, हललेला डोळा चालत नाही.

कॅमेरा आपणहून काळा अंगरखा राखाडी करतो आणि पांढरा मळकट. काळ्या वेशाला एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक पायरी कमी करा (−१), पांढऱ्याला एक पायरी वाढवा (+१). पहिला फोटो घेतल्यावर मॉडेलला जागेवरून हलू देऊ नका. पडद्यावर जवळच्या डोळ्यापर्यंत मोठं करून बघा. पापणीचा केस न केस वेगळा दिसला आणि बाहुलीत चादरीचा उजळ चौकोन दिसला, की पुढचे फोटो घ्या.